आधी आई पाहावी, मग पिल्लू

कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो कुत्रा महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या परिचयाचा आहे. नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या तबकड्या ज्या घरांत होत्या, त्या घरांत तोही होता. १८८४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जन्मलेला हा निपर टेरियर म्हणून ओळखला जातो. परंतु तो शुद्ध वंशाचा नव्हता, संकरित होता. जगातील सर्वाधिक प्रसिद्ध टेरियरपाशी वंशावळीचा कागद नसावा, हा योगायोग आज पिल्लाच्या शोधात निघालेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुण्या-मुंबईच्या सदनिकांत अलीकडे जॅक रसेल, फॉक्स टेरियर अशा लहान चणीच्या जातींना मागणी आली आहे. आकार लहान, अंगावर केस थोडके, जागा कमी लागते, एवढाच विचार करून निर्णय होतो. वस्तुतः या कुत्र्याच्या नावातच भूमी आहे. लॅटिन ‘टेरा’ या शब्दापासून ते आले. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढण्यासाठी, उंदीर-घुशी मारण्यासाठी माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेला हा प्राणी आहे. सहाव्या मजल्यावर त्याला उकरायला भूमी मिळाली नाही, तर तो सोफा उकरतो. त्यात त्याचा दोष नाही.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. पिल्लू आणावयाचे कोठून? भ्रमणध्वनीवर छायाचित्र येते, भाव ठरतो आणि ‘पेपरवाले’ हवे की ‘विनापेपर’, एवढेच विचारले जाते. पेपर म्हणजे चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजले की पिल्लू शुद्ध आणि म्हणून निरोगीही, असे गृहीत धरले जाते. येथेच घोटाळा होतो. नोंदणीचा कागद पिल्लाचे आईबाप कोण ते सांगतो. त्यांचे डोळे, कान आणि गुडघे कसे आहेत, याविषयी तो मौन पाळतो. मुळात शुद्धता ही नोंदवहीची गोष्ट आहे. ज्या धर्मोपदेशक जॉन रसेल यांच्या नावाने ही जात ओळखली जाते, त्यांनी आपली ट्रम्प नावाची मूळ कुत्री १८१९ साली एका दूधवाल्याकडून घेतली, असा इतिहास आहे. इंग्लंडच्या केनेल क्लबने जॅक रसेलला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ती मात्र २०१६ साली!

आरोग्याचा प्रश्न नोंदवहीने सुटत नाही. जॅक रसेलमध्ये डोळ्याचे भिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. तो बहुधा ऐन तारुण्यात प्रकट होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी जाते. त्याचा सदोष जनुक आई आणि बाप या दोघांकडून आला, तरच विकाराचा मोठा धोका संभवतो. दोघेही वरकरणी धडधाकट वाहक असतील, तर सरासरी चारांतील एका पिल्लावर ते संकट येते. गालाच्या आतील बाजूच्या लाळेवरून ही तपासणी होऊ शकते. ती केलेला पैदासकार अहवाल दाखवतो. न केलेला पैदासकार पेपर दाखवतो. पांढऱ्या रंगाच्या टेरियरांत जन्मजात बहिरेपणही दिसते. असे पिल्लू भावंडांच्या मागे धावत असल्याने कळपात ओळखू येत नाही. म्हणून त्याला एकटे वेगळे घेऊन, पाठीमागून टाळी वाजवून पाहावी.

तातडीचा धोका मात्र पार्व्होचा. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. म्हणजे खरेदीच्या दिवशी शेपूट हलवणारे पिल्लू त्याच आठवड्यात उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू लागते. विक्रेता म्हणतो, आमच्याकडे ठणठणीत होते. कदाचित ते असत्यही नसते. घरातल्या मुलाने नाव ठेवलेले पिल्लू सलाईनवर पाहण्याची वेळ येते, तेव्हा तो वाद निरर्थक असतो. आईपासून अकाली तोडलेली आणि लसीकरण अर्धवट राहिलेली पिल्ले याला सर्वाधिक बळी पडतात.

कायदा याबाबत मुका नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची झाल्याविना तिची वीण करता येत नाही, वर्षात एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेळा तर नाहीच. हे नियम किती ग्राहकांनी वाचले असतील? गिऱ्हाईकच पाच आठवड्यांचे गोजिरवाणे पिल्लू मागते, तेव्हा नियम कागदावर राहतात. इंग्लंडने २०२० साली मध्यस्थांमार्फत होणारी पिल्लांची विक्रीच बंद केली. तेथे पैदासकाराने पिल्लू त्याच्या आईसह दाखवावे लागते.

आपल्याकडे खाण तशी माती ही म्हण आहेच. पिल्लाच्या खरेदीत मात्र खाण पाहण्याचा आग्रह कोणी धरत नाही. विक्रेता ‘आई गावाला आहे’ म्हणाला, अथवा रस्त्यात गाडीपाशी पिल्लू आणून देतो म्हणाला, की तेथूनच परतावे. त्या न दिसणाऱ्या आईची अवस्था काय असेल, हे सांगावयास नको. कोठेतरी पिंजऱ्यात ती पुढच्या वेतासाठी ठेवलेली असते आणि तिचा खर्च ग्राहकाच्या घाईतून निघतो.

चांगला पैदासकार आई समोर आणतो, तिच्या तपासण्या दाखवतो आणि मग उलट प्रश्न विचारू लागतो. दिवसभर घरी कोण असते? फिरवणार कोण? पूर्वी कुत्रे पाळले होते काय? पुष्कळांना ही चौकशी अपमानास्पद वाटते. उत्तरे पटली, तरी तो लगेच पिल्लू देत नाही. पुढच्या वेतापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, थांबावयास सांगतो. वाढदिवसाला पिल्लू आणण्याचे वचन मुलाला देऊन बसलेल्या बापाला तेवढे थांबणे जड जाते आणि तो पुन्हा भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे उघडतो.