मे महिन्यात घालता येईल अशी पॅन्ट द्या

उन्हाळा लागला की आपल्या शहरांत कटर मशीनचा आवाज सुरू होतो. पावसाळ्यात झाड कोसळून कुणाच्या मोटारीचे नुकसान होऊ नये म्हणून फांद्या छाटायच्या असतात. यातले बरेचसे काम हिवाळ्यातही होऊ शकते. परंतु ३१ मार्च उलटल्यावर नवे अंदाजपत्रक, मग निविदा, मग कार्यादेश, असे करता करता कामगार झाडाखाली उभा राहतो तेव्हा विदर्भात पारा ४५ अंशांना टेकलेला असतो. हा कामगार महानगरपालिकेचा नसतो, ठेकेदाराचा असतो. त्याची जात विचारण्याचे कारण नाही. हजेरीपटावरची आडनावे वाचली की पुरे.

मोटारींची एवढी काळजी वाहणाऱ्या या व्यवस्थेने त्या कामगाराच्या मांडीची काय काळजी घेतली, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

२०२५ च्या मे महिन्यात गुलमोहराची फांदी कापताना चालू मशीन उसळले आणि चेन एका तरुणाच्या डाव्या मांडीत शिरली. पाय वाचला, परंतु गुडघा आता पुरता वाकत नाही. आम्ही त्याचा भरपाईचा अर्ज दाखल केला. ठेकेदाराच्या जबाबासोबत एका रजिस्टरची प्रत आली. ‘सेफ्टी पॅन्ट, १ नग’ आणि समोर आमच्या पक्षकाराची सही. ठेकेदाराचे म्हणणे असे की, आम्ही पॅन्ट दिली होती, त्याने घातली नाही, सबब आम्ही जबाबदार नाही.

वाचकांना हा बचाव पोरकट वाटेल. तो पोरकट नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ च्या कलम ३ मध्येच तो लिहिलेला आहे. कामगाराला ठाऊक असलेले सुरक्षेचे साधन त्याने हेतुपुरस्सर दूर केले वा दुर्लक्षिले, आणि अपघात थेट त्यामुळेच झाला, तर मालक भरपाईतून सुटू शकतो. अपवाद दोनच, मृत्यू आणि संपूर्ण कायम अपंगत्व. एक पाय निकामी होणे कायद्याच्या हिशेबात सहसा अंशतः अपंगत्व ठरते. म्हणजे पाय गेला तरी मालक हा बचाव घेऊ शकतो! २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ७४ मध्येही ही तरतूद जशीच्या तशी आली आहे. उन्हाने जीव घाबरा होतो म्हणून पॅन्ट काढून ठेवणे याला ‘हेतुपुरस्सर’ म्हणता येणार नाही, असे आमचे म्हणणे आहे आणि ते आम्ही मांडत आहोत. परंतु त्या रजिस्टरमागे काय दडले आहे ते आधी समजून घेतले पाहिजे.

आमच्या पक्षकाराने ती पॅन्ट मागवून आणली. काळी, जाड, कमरेपासून घोट्यापर्यंत चारही बाजूंनी अस्तर भरलेली. थंड मुलखातल्या जंगलासाठी शिवलेली असावी. “वकीलसाहेब, तुम्हीच घालून पाहा ना. दहा मिनिटं,” तो म्हणाला. आम्ही दुपारी दोन वाजता ती घालून कोर्टाच्या आवारात उभे राहिलो. दहा मिनिटे पुरी झाली नाहीत. टोळीतले सगळे जण ती गाडीत ठेवतात आणि साहेब लोक तपासणीला आले की चढवतात, हे त्याने सांगितले तेव्हा आम्हाला नवल वाटले नाही. आम्हा वकिलांना जिल्हा न्यायालयात उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, तशी सूट बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. कामगाराला अशी सूट देऊन चालणार नाही, कारण चेन सूट देत नाही. तेव्हा त्याला घालवेल अशीच पॅन्ट निवडून दिली पाहिजे.

ही निवड करता येते. त्यासाठी ती पॅन्ट काम कशी करते हे माहीत हवे. पुष्कळांना वाटते की आत काहीतरी टणक असते आणि त्यावर चेन अडते. तसे नाही. आत लांब, मोकळ्या, चिवट धाग्यांचे थर असतात. वरचे कापड फाटताच चेन हे धागे ओढून घेते, ते चेन फिरवणाऱ्या चक्रात गुंततात आणि मशीन जागच्या जागी थांबते. जीन्स किंवा जाड खाकी यातले काहीच करत नाही.

युरोपात या कपड्यांचे मानक ठरलेले आहे, आज ते ईएन आयएसओ ११३९३ या नावाने चालते. त्यात चेनच्या वेगावरून दर्जे आहेत. पहिला सेकंदाला २० मीटर, दुसरा २४, तिसरा २८. सेकंदाला २० मीटर म्हणजे तासाला ७२ किलोमीटर. दर्जा वाढला की सहसा थर वाढतात, आणि थर वाढले की उष्मा वाढतो. म्हणून ‘सर्वांत वरचा दर्जा द्या’ ही मागणी ऐकायला क्रांतिकारक वाटली तरी मे महिन्यात ती पॅन्ट पुन्हा गाडीतच जाईल. कोणताही दर्जा पूर्ण हमी देत नाही. आपले मशीन कोणते, त्याच्या चेनचा वेग किती, हे पुस्तिकेत पाहून ठरवावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न अस्तर कुठे आहे हा. ‘ए’ प्रकारात ते मुख्यतः पायाच्या पुढच्या बाजूला असते, मागची बाजू साध्या, हवा खेळणाऱ्या कापडाची. ‘सी’ प्रकारात ते पायाभोवती सगळीकडून असते. जमिनीवर उभे राहून दोन्ही हातांनी मशीन धरणाऱ्याला धोका मुख्यतः समोरून असतो, विशेषतः डाव्या पायाला. त्याला ‘ए’ प्रकार योग्य. झाडावर चढून किंवा शिडीच्या गाडीतून कापणाऱ्याच्या पायाशी मशीन कोणत्याही बाजूने येऊ शकते. त्याला ‘सी’ हवा, आणि त्याची पाळी सकाळच्या गारव्यातच लावली पाहिजे. आमच्या ठेकेदाराने सगळ्या टोळीला सरसकट ‘सी’ दिली. एकच बिल, एकच नग, काम सोपे.

जमिनीवरच्या माणसासाठी तिसरी सोय म्हणजे पट्ट्यांनी बांधायचे पुढचे आवरण. इंग्रजीत त्याला चॅप्स म्हणतात. आपल्या सुती पॅन्टवर ते बांधता येते, मागून मोकळे राहते, मशीन बंद असताना सोडून ठेवता येते. आमच्या मते विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात जमिनीवरच्या कामाला हेच सर्वांत सोयीचे. मात्र सगळे पट्टे लावले पाहिजेत, आणि झाडावर चढताना ते चालणार नाही, कारण पट्टे फांदीत अडकतात. पॅन्टच घ्यायची तर मांडीमागे चेनने उघडणाऱ्या खिडक्या असलेली, फिक्या रंगाची घ्यावी. कमरपट्ट्याऐवजी गॅलिस लावावी, कमरेशी हवा खेळते.

आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही या प्रकरणातच समजली. लांब होते म्हणून किंवा फाटली म्हणून ही पॅन्ट शिंप्याकडे नेऊ नये. अस्तरातून टाका गेला की धागे जागीच जखडतात, ओढले जात नाहीत, आणि पॅन्टचे काम संपते. चेन एकदा लागली की ती पॅन्ट बाद. ऑईलने माखलेली ठेवू नये, आत लावलेल्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणेच धुवावी. हल्ली बॅटरीची मशीनही दिसू लागली आहेत. काही विजेची मशीन इतक्या जोराने फिरतात की धागे त्यांना थांबवतीलच असे नाही.

आता कायद्याचे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम ६ नुसार सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टीचे पैसे मालकाला कामगाराकडून घेता येत नाहीत. परंतु याच संहितेतला कंत्राटी कामगारांविषयीचा भाग ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होतो. झाडे कापणाऱ्या छोट्या ठेकेदाराकडे पन्नास माणसे कुठून असणार? म्हणून आमची मागणी निविदेच्या अटींतच आहे. कोणत्या कामाला कोणता प्रकार हे अटींत लिहा, खरेदीपूर्वी नमुना कामगारांना भर उन्हात घालून काम करायला द्या आणि त्यांचे म्हणणे नोंदवा. दुपारचे मशीनकाम बंद ठेवा.

नमुना कार्यालयात पसंत करणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. उद्यान विभागाच्या साहेबांनी निदान गुलमोहराखाली उतरायला हरकत नाही.

आणि टोळीतल्या बांधवांना आमचे सांगणे आहे. पॅन्ट हातात पडली की आधी घालून पाहा, मग सही करा. उन्हात ती घालून काम होत नसेल तर रजिस्टरमध्ये सहीच्या शेजारी तसे आपल्या हाताने लिहा, तारीख टाका आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मुकादम लिहू देत नसेल तर त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज करून पोच घ्या. आमच्या पक्षकाराकडे असा एक कागद असता तर आज आमची उलटतपासणी निम्म्यावर आली असती.