परदेशी पाक आणि देशी सोंवळें

गेल्या दहापंधरा वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरांत एक नवी विद्या शिरली आहे. परदेशी पदार्थ म्हटला कीं उपाहारगृहाची पायरी चढावयाची, हा जुना प्रकार मागें पडून आतां घरच्या शेगडीवर थायलंडची कढी आणि चीनचा रस्सा शिजूं लागला आहे. या विद्येचें आम्ही मनापासून स्वागत करितों. आम्ही स्वतः तिचे एक अर्धवट विद्यार्थी आहों. परंतु विद्येमागोमाग विनय आलाच पाहिजे असा कांहीं नियम नाहीं. पानांत काय पडलें आहे याची चौकशी न करितां "अगदीं अस्सल आहे हं!" असें पाहुण्यांस बजावण्याची जी खोड आमच्या वर्गास लागली आहे तिच्याविषयीं, आणि त्या खोडीच्या आड दडलेल्या एका अधिक वाईट गोष्टीविषयीं, आम्हांस येथें बोलावयाचें आहे. आमच्या कांहीं स्नेह्यांस हें कडू लागेल. लागावें अशीच इच्छा आहे.

निमित्त घडलें तें असें. मागील हिवाळ्यांत एका विद्वान स्नेह्यांनीं आम्हांस सहकुटुंब भोजनास बोलाविलें. गृहस्थ बहुश्रुत, देशोदेशीं हिंडलेले, मराठींत व इंग्रजींत सारख्याच सफाईनें बोलणारे. पानांत 'थायी ग्रीन करी' आली. ती पाकिटांतील वाटणाची होती, याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण तिला दाटपणा यावा म्हणून मक्याचें पीठ लावलें होतें, आणि मूळ नांवांत 'गोड' असा शब्द आहे असें कोठेंसें वाचल्यावरून तींत मूठभर साखर पडली होती. आम्ही मुकाट्यानें जेवलों. जेवतां जेवतां यजमानांनीं शांघाय येथें खाल्लेल्या डुकराच्या रश्श्याचें वर्णन केलें. मांस कसें लोण्यासारखें, रंग कसा माणकासारखा. ऐकूनच आमच्या तोंडास पाणी सुटलें. आणि मग सुपारी कातरतां कातरतां त्यांनीं सहज सांगितलें कीं, वरच्या मजल्यावरील खोलींत नागालँडचा एक विद्यार्थी भाड्यानें राहात होता, त्यास त्यांनीं महिनाअखेर जागा सोडावयास लाविली. अपराध काय? "अहो, तो घरांत डुक्कर शिजवीत असे. वास सहन होईना."

आम्हीं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलें. विनोदाची छटाही तेथें नव्हती. आम्ही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं, ही आमची चूक झाली; ती आतां या पानांवर भरून काढीत आहों.

आधीं कढीचा निवाडा करूं, कारण तो सोपा आहे. थायी भाषेंत 'केंग' हा शब्द फार ऐसपैस आहे. नारळाच्या रसांतील दाट कालवण त्यांत येतें, तसेंच नारळाचा थेंबही नसलेलें रानांतलें झणझणीत 'केंग पा' देखील त्यांतच येतें. आपण जिला हिरवी करी म्हणतों ती 'केंग ख्यिओ वान'. यांतील 'वान' म्हणजे गोड हें खरें. पण तेथील जाणते सांगतात कीं हें विशेषण चवीचें नसून रंगाचें आहे, डोळ्यांस गोड वाटणारा फिका हिरवा. माडाचा गूळ तींत पडतो, पण तो चिमूटभर, खारटपणा सांवरण्यापुरता. आमच्या स्नेह्यांची साखर व्याकरणाच्या चुकींतून निघाली होती!

या कढीचा सर्व जीव वाटणांत आहे. हिरव्या मिरच्या, लसूण, लहान कांदे, गवती चहाचा मुळाजवळचा पांढरा दांडा, कुलिंजन, मक्रूत नांवाच्या खडबडीत लिंबाची साल, कोथिंबिरीचीं मुळें, पांढरी मिरी, धने, जिरें आणि 'कापी', म्हणजे जवळ्यासारखी अगदीं बारीक कोळंबी मिठांत आंबवून केलेला गोळा. वाचकांनीं ही यादी पुन्हा एकदां वाचावी. गवती चहा आमच्या परसांत आहे. आम्ही त्याचीं पातीं चहांत उकळतों आणि दांड्याकडे ढुंकूनही पाहात नाहीं. कोथिंबिरीचीं मुळें आम्ही सुरीनें कापून केरांत टाकतों. थायी सुगरण जुडी घेते ती निम्मी त्या मुळांसाठीं. कुलिंजन आम्हांस ठाऊक आहे तें घसा बसल्यावर, वैद्यानें सांगितलें म्हणून. असा निम्मा माल आमच्याच दारांत पडला असतां आम्ही पाकिटासाठीं दुकानांत जातों.

आणि वाटण कुटावयाचें असतें. प्रथम सुकें व कठीण, मग रेषाळ, मग ओलें, आणि कापी सर्वांच्या शेवटीं. यंत्रांत तें फिरवावयाचें म्हणजे पाणी घालावें लागतें, आणि पाणी घातलेलें वाटण तेलांत परतत नाहीं, उकळतें. पुढची क्रिया तर आमच्या कोंकणी गृहिणीस शिकवावयासही नको. नारळाचा दाट रस भांड्यांत आटवून त्यास तेल सुटूं द्यावयाचें आणि त्या सुटलेल्या तेलांत वाटण परतावयाचें. मग मांस, मग पातळ रस, मग माशांचें खारवलेलें पाणी आणि लिंबाचीं पानें. 'तेल सुटणें' हा आमच्याच स्वयंपाकघरांतला शब्द आहे. तें एकदां सुटलें कीं मक्याच्या पिठाचें कामच काय?

येथें कोणी आम्हांस शुद्धिवादी म्हणेल. आम्ही तसे नाहीं. आमच्या घरीं कापी नसते तेव्हां आम्ही जवळा भाजून, कुटून घालतों आणि कुलिंजन न मिळाल्यास आलें घालतों. मात्र पाहुण्यांस तसें सांगतों. देवलांनीं १८९० त ऑथेल्लोचा झुंझारराव केला, तो आजही वाचावासा वाटतो. पण झुंझारराव म्हणजेच अस्सल शेक्सपिअर असें म्हणणाऱ्यास आम्ही बी. ए. च्या वर्गांत नापास करूं. रूपांतर ही लाजेची गोष्ट नाहीं, रूपांतरास मूळ म्हणून खपविणें ही आहे. आमच्या लग्नकार्यांतील 'मांचुरियन' मुंबईंत जन्मला असें सांगतात आणि मांचुरियाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. मुंबईचा पदार्थ म्हणून तो खुशाल मिटक्या मारीत खावा. जातां जातां एक गोष्ट बोलून टाकतों. अस्सलपणाची व्याख्यानें बहुधा आमच्यासारखे पुरुष देतात, आणि बत्ता बहुधा दुसऱ्या कोणाच्या हातांत असतो. ज्यास अस्सल पाहिजे त्यानें अर्धा तास स्वतः कुटावें. आम्ही कुटतों, पहिल्या खेपेस तळहातास फोड आला, तेव्हांपासून आमची मतें बरींच नरम झालीं आहेत.

अस्सलपणाची ही व्याख्यानें ऐकतांना आम्हांस नेहमीं मिरचीची आठवण होते. मिरची अमेरिकेची. ती पूर्वेकडे आली पोर्तुगीजांबरोबर, ज्यांनीं गोवें १५१० त आणि मलाक्का १५११ त घेतलें. त्यापूर्वीं तिखट म्हणजे मिरी. आम्हीं नव्या पाहुणीस मिरीवरूनच नांव दिलें, मिरची. थायी लोकांनीं तर मिरीचें 'प्रिक' हें नांवच काढून मिरचीस देऊन टाकलें आणि बिचाऱ्या मिरीस आतां 'प्रिक थाई', म्हणजे थायी प्रिक, असें ओळखावें लागतें. उत्तरेस चियांग माय येथें 'केंग हांग ले' करतात, तें ब्रह्मदेशाकडून आलें. तेथील लान्ना राज्य १५५८ पासून दोनशें वर्षें ब्रह्मी राजांच्या अमलाखालीं होतें, आणि 'हांग' हा शब्दही ब्रह्मी 'हिन', म्हणजे कालवण, याचेंच रूप होय. आलें, चिंच, लोणच्यांतला लसूण आणि सुका मसाला, नारळ नाहीं. आणि मांस? डुकराच्या पोटाचें. चिनी कुटुंबांनीं बँकॉकला नेलेला 'मू फालो' घ्या: डुकराचें मांस व अंडीं पंचमसाल्यांत शिजवावयाचीं, पण आरंभीं थायी रिवाजाप्रमाणें कोथिंबिरीचीं मुळें, लसूण व मिरी कुटून परतावयाचीं. यांत चिनी किती व थायी किती हें वेगळें काढणें आम्हांस साधलें नाहीं. १७६७ त आयुथ्या पडल्यावर ज्यानें राज्य पुन्हा उभें केलें त्या ताकसीन राजाचा बाप स्वतःच दक्षिण चीनचा होता, मग पातेल्यांत भेद कोण करणार! तेथील मुसलमानांची 'मात्सामान' कढी डुकराविना होते, तिच्यांत वेलची, दालचिनी, लवंगा पडतात, आणि तीही तितकीच थायी आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, या देशांच्या स्वयंपाकांतून डुक्कर धुऊन काढून बाकीच्यावर रसिकतेचा शिक्का मारतां येत नाहीं.

चीनविषयीं तर बोलावयासच नको. चिनी लिपींत घर या अर्थाचें जें अक्षर आहे त्यांत वर छप्पर व खालीं डुक्कर आहे, आणि नुसतें 'मांस' म्हटलें कीं तेथें डुकराचेंच समजावयाचें. आमच्या स्नेह्यांनीं शांघायला खाल्लें तें 'होंग शाओ रौ', तांबडें शिजविलेलें मांस. त्याच कुळांतील दुसऱ्या एका पाकास सू तुंगपो या कवीचें नांव आहे, आणि त्याची कथा आमच्या विषयास फार जवळची आहे. हा थोर कवि व सरकारी अधिकारी. कवितांतून राज्यकारभाराची निंदा केली म्हणून १०७९ त त्यास कैद झाली आणि १०८० त हुआंगचौ या आडगांवीं नाममात्र हुद्द्यावर पाठविण्यांत आलें. तेथें तो गांवाच्या पूर्वेकडील उतारावर शेती करूं लागला. तुंगपो म्हणजे पूर्वेचा उतार. दरबारांत तेव्हां मान मेंढीच्या मांसास होता. हुआंगचौला डुक्कर चांगलें व स्वस्त मिळे. पण श्रीमंत त्यास नाक मुरडीत, आणि गरिबांस तें नीट शिजवितां येत नसे, असें या पदच्युत पंडितानें त्या मांसाच्या एका छोट्या स्तुतींत नमूद करून ठेविलें आहे. उपायही त्यानेंच सांगितला: पाणी थोडें, विस्तव मंद, आणि घाई नाहीं.

आम्ही करतों तें असें. पुण्याच्या कॅम्पांतून किलोभर पोटाचें मांस आणावयाचें, ज्यांत कातडी, चरबी व मांस यांचे थर एकावर एक असतात. चिनी त्यास पांच फुलांचें मांस म्हणतात, थायी तीन थरांचें. दोन बोटें रुंद तुकडे थंड पाण्यांत घालून उकळी आणावयाची, फेंस काढून तुकडे धुवावयाचे. मग चमचाभर तेलांत दोनतीन चमचे खडीसाखर मधासारखी पिंगट होईपर्यंत वितळवावयाची, आणि येथें डोळे दुसरीकडे गेले कीं सर्व कडू झालें. तींत मांस परतून आलें, कांद्याची पात, तांदळाची दारू, सोया सॉस, दालचिनीचा तुकडा आणि दोन चक्रीफुलें. बुडेल इतकें गरम पाणी. दीड तास मंद विस्तव. शेवटीं झांकण काढून रस आटवावयाचा. चक्रीफूल आमच्यास नवें नाहीं. ज्यास कोंकणांत बाद्यान म्हणतात तें हेंच, आणि आमच्या मसाल्याच्या डब्यांत तें पिढ्यान्‌पिढ्या चीनचें म्हणून न ओळखतां नांदतें आहे.

आतां त्या वासाचा प्रश्न. दीड तासांत आमच्या जिन्यावर जो वास पसरतो तो आल्याचा आणि चक्रीफुलाचा असतो. शेजारीण एकदां विचारावयास आली कीं मसाला कोणता. जेव्हां मांसाचें नांव सांगितलें तेव्हां मात्र तिला वास येऊं लागला. हिंगाच्या फोडणीचा वास ज्यास संवय नाहीं त्यास कसा लागतो, हें परदेशीं राहिलेल्या कोणाही मराठी कुटुंबास विचारावें. तेथें घरमालकानें हिंगासाठीं जागा नाकारली कीं आपण त्यास वर्णद्वेष म्हणतों व वर्तमानपत्रांस पत्रें लिहितों. येथें नाक मुरडलें जातें तें पदार्थास नव्हे, खाणाऱ्यास. आमच्या प्रांतांत डुक्कर खाणारा म्हणजे कोण? गांवाबाहेर ज्यांस ठेविलें ते. वसईचे व गोव्याचे ख्रिस्ती. आणि आतां ईशान्येकडून शिकावयास आलेलीं मुलें. शांघायच्या रश्श्यावर व्याख्यान देणाऱ्यास गोव्याच्या सोरपोतेलाची पाकक्रिया विचारून पाहावी, म्हणजे त्याची रसिकता कोणत्या सीमेवर थांबते तें कळेल.

"पण आमच्या संस्कृतींत..." असें कोणी म्हणूं लागल्यास आम्ही त्यांस मानसोल्लास उघडावयास सांगूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावरील हा बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथ, आणि त्याच्या अन्नविषयक भागांत डुकराच्या मांसाचे पाक राजाच्या पंक्तीसाठीं सविस्तर सांगितले आहेत. अर्थात् यावरून सर्वांनीं तें खावें असें निघत नाहीं. जो शाकाहारी आहे, ज्यास धर्मानें तें निषिद्ध आहे, किंवा ज्यास तें नुसतें आवडत नाहीं, त्याच्याशीं आमचें मुळींच भांडण नाहीं. त्याच्या पानांत कोणी कांहीं वाढूं नये. भांडण आहे तें जो स्वतः परदेशीं चवीनें खातो, त्याचें वर्णन करून घरीं प्रतिष्ठा मिळवितो, आणि तेंच मांस दुसऱ्यानें स्वतःच्या खोलींत, स्वतःच्या पैशानें शिजविलें तर त्यास रस्ता दाखवितो, त्याच्याशीं.

तो विद्यार्थी आतां आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहातो. जागा मिळावयास त्यास सात ठिकाणीं हिंडावें लागलें, आणि सातांपैकीं पांच ठिकाणीं पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. मागल्या रविवारीं तो आमच्याकडे आला, आणि आंबविलेल्या बांबूच्या कोंबांत डुकराचें मांस कसें शिजवितात तें त्यानें करून दाखविलें. त्यांत तेल नाहीं, साखर नाहीं, मसाल्याचा पत्ता नाहीं. आंबटपणा कोंबांचा, तिखटपणा मिरचीचा. आमच्या तांबड्या रश्श्याहून तें सरस झालें होतें, हें कबूल करावयास आम्हांस थोडें जड गेलें. येत्या महिन्यांत एका रविवारीं दोन्ही पातेलीं एकदम चढवावयाचीं ठरलें आहे. आमच्या त्या स्नेह्यांस आम्हीं भोजनाचें निमंत्रण धाडलें असून पंक्तीस कोण असेल हेंही त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.