शिक्षण परिषदेतील नेतृत्व : दोन मतांचा परामर्श

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या जवळपासच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होते आणि त्या केंद्रातील शिक्षकांनी अध्यापनाचा एकत्रित विचार करावा म्हणून जी मासिक बैठक भरते तिला शिक्षण परिषद म्हणतात. परिषद भरते, सह्या होतात, इतिवृत्तही चोख लिहिले जाते. पण त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या तासात काही बदलले असे छातीठोकपणे सांगणारा शिक्षक विरळाच. याविषयी दोन मते नेहमी मांडली जातात आणि दोन्ही तपासून घेण्याजोगी आहेत.

पहिले मत असे की, केंद्रप्रमुख खमका असला म्हणजे परिषद मार्गी लागते. खमकेपणाने बैठक वेळेवर सुरू होते, हे खरे आहे. पण वेळेवर सुरू झालेल्या बैठकीत पोषण आहाराची पत्रके, यू-डायस या शालेय माहिती-प्रणालीतील त्रुटी आणि ‘माहिती आजच सादर करावी’ अशा सूचना यांतच दुपार सरत असेल, तर ती शिस्त नेमकी कशासाठी, हा प्रश्न उरतोच. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा वर्षांच्या मुलांच्या छोट्या गटांना हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट सोडणारे अशा तीन प्रकारच्या नेतृत्वाखाली काम दिले होते. हुकूमशाही गटातील काम नेता खोलीत असेपर्यंत चाले आणि तो बाहेर गेला की ढेपाळे. मुलांवरचा निष्कर्ष प्रौढांना जसाच्या तसा लावणे धाडसाचे आहे; तरीही शिक्षकाचे खरे काम अधिकाऱ्याच्या नजरेआड, बंद वर्गात चालत असल्यामुळे ही आठवण येथे अप्रस्तुत नाही.

यावर उतारा म्हणून दुसरे मत पुढे येते : सगळे शिक्षक समान असल्याने नेता नकोच. हे मत ऐकायला लोकशाहीवादी वाटते, परंतु त्याच अभ्यासात मोकाट सोडलेल्या गटांचे काम लोकशाही गटांपेक्षा कमी भरले, कारण लोकशाही नेतृत्वातही नेता होता आणि तो दिशा दाखवत होता. नेता नेमला नाही म्हणून वर्चस्व नाहीसे होत नाही. ते सेवाज्येष्ठतेकडे किंवा मोठ्या आवाजाकडे आपसूक जाते आणि दोनशिक्षकी शाळेतील नवी शिक्षिका पूर्वीइतकीच गप्प राहते.

दोन्ही मतांची चूक एकच आहे : नेतृत्वाची शैली आधी ठरवायची आणि बैठकीचे काम मागाहून शोधायचे. वास्तविक कामावरूनच शैली ठरते. समजा, बैठकीपुढे तिसरीतील एक वही ठेवली आणि तिच्यात 52 मधून 27 वजा करून 35 उत्तर लिहिलेले आहे. मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. म्हणजे त्याने अंदाजपंचे लिहिलेले नाही, चुकीचा नियम निष्ठेने पाळला आहे. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुटे करण्याचा अनुभव त्याला मिळाला होता की थेट उभी मांडणीच शिकवली गेली, याचे उत्तर पदाच्या जोरावर देता येत नाही. ते तिसरीला शिकवणाऱ्याकडेच असते आणि म्हणून त्या घटकेपुरते नेतृत्वही त्याच्याकडेच जायला हवे.

जपानमधील ‘जुग्यो केंक्यु’ म्हणजे पाठ-अभ्यास या पद्धतीत हे रुळलेले आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांतील एक तो शिकवतो, इतर जण शिकवणाऱ्यापेक्षा मुलांकडे अधिक लक्ष देतात आणि नंतर चर्चा होते. बाहेरून बोलावलेला जाणकार शेवटी बोलतो. हा क्रम शिष्टाचाराचा नाही. अधिकारी आरंभी बोलला की उरलेली चर्चा होकाराची होते.

यावर आक्षेप येतो की, आपल्याकडे शिक्षकांना वेळ कुठे आहे? आक्षेप गंभीर आहे, पण वेळ मुळीच नाही असे नाही. तो पत्रकांत खर्च होतो आणि ती पत्रके फोनवरूनही मागवता येतात. तेव्हा केंद्रप्रमुखाचा अधिकार सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो वरच्या कार्यालयाकडून येणारी ऐनवेळची कामे परिषदेच्या दाराबाहेर थोपवण्यासाठी, आणि मागच्या महिन्यात ज्या वहीवर चर्चा झाली त्याच मुलाची नवी वही या महिन्यात टेबलावर आली आहे ना, हे पाहण्यासाठी.