बुडालेल्या गाडीचे कोरे कागद

उल्हास नदीचा पूर ओसरतो, रस्त्यांवरील चिखल निघतो. पाण्यात बुडालेल्या मोटारींचे पुढे काय होते, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत कल्याण-बदलापूर परिसर जलमय झाला, तेव्हाही हेच घडले.

दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की विम्याच्या व्यवहारात ती गाडी 'पूर्ण हानी' ठरते. मालकाला भरपाई मिळते आणि गाडीचा सांगाडा भंगारवाल्याच्या वा गॅरेजवाल्याच्या हाती जातो. पुष्कळदा नोंदणीपुस्तकही त्याच्याबरोबर जाते. मग गाडी दुरुस्त होते, तिला रंग चढतो आणि डोंबिवलीचा एखादा शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून ती विकत घेतो. कागद निर्दोष असतात. दोष गंजलेल्या वायरींत आणि ठोकून सरळ केलेल्या चासीत दडलेला असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की वाहन नष्ट वा कायमचे निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपुस्तक परत करावे. परंतु जी दुरुस्त होऊ शकते ती गाडी 'कायमची निकामी' कशी, असा सवाल सहज करता येतो. २०२१ च्या नियमांनी वाहने रीतसर भंगारात काढण्याची सोय केली, तीही मृत वाहनांपुरतीच. मोडून पुन्हा उभी राहिलेल्या गाडीसाठी नोंदणीपुस्तकात रकानाच नाही. अमेरिकेतील राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तशी नोंद होते. पुनर्बांधणीनंतर तपासणी होऊन ती रस्त्यावर येते, पण तिचा पूर्वेतिहास सहसा पुसला जात नाही.

ही उणीव चोरांच्याही पथ्यावर पडते. निकाली गाडीचे कागद मिळवायचे आणि तिचा चासी क्रमांक त्याच बनावटीच्या चोरलेल्या गाडीवर ठोकायचा, ही युक्ती पोलिसांना अपरिचित नाही.

पुनर्बांधणीवर बंदी हा यावर उपाय नव्हे. कुशल कारागिराने सचोटीने उभी केलेली गाडी गरजूला परवडते. विमा कंपनीने पूर्ण हानीची खबर ठाणे वा कल्याणच्या परिवहन कार्यालयास थेट द्यावी, दुरुस्तीनंतर तपासणी व्हावी आणि नोंदणीपुस्तकावर तसा शेरा पडावा, एवढेच पुरेसे आहे. आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या ग्राहकाला आपण काय विकत घेत आहोत, हे कळण्याचा हक्क नाही काय?