आमचीच माहिती, आम्हालाच कुलूप

वस्तीत पाहणी करायला मुली येतात. पूर्वी हातात छापील प्रश्नावली असायची, आता टॅब असतो. बाई भांडी बाजूला सारून तासभर बसते. बाळंतपणं किती झाली, नवरा मारतो का, मारल्यावर कुठं जाता? सगळं सांगते. त्या सांगण्याचा प्रबंध होतो, प्रबंधातून इंग्रजी शोधनिबंध निघतो आणि परदेशी प्रकाशकाच्या नियतकालिकात छापून येतो. संघटनेतली कार्यकर्ती तो वाचायला गेली, की पडद्यावर दिसतं: आधी डॉलर भरा.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला ती उघडता येतील, हे चांगलंच झालं. पण हे ‘एक राष्ट्र’ म्हणजे कोण? सुरुवात फक्त सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांपासून. त्यात महिला मंडळ नाही, की १९६७ च्या कायद्याखाली चालणारं तालुक्याचं सार्वजनिक ग्रंथालयही नाही. पुढच्या टप्प्यांचं आश्वासन आहे म्हणे. बायकांना ‘पुढचा टप्पा’ चांगला ओळखीचा आहे! शिवाय संशोधनाला पैसा बहुतेकदा जनतेचा, लिहिणारे आणि तपासणारे प्रकाशकाकडून छदाम न घेता राबणारे, आणि वर्गणीही पुन्हा जनतेचीच.

बरं, मराठीत जे आहे त्याचं काय? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभारलेल्या ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. काम मोठं आहे, यात वाद नाही. पण मराठी प्रबंधांची पानं कित्येकदा नुसत्या छायाचित्रांसारखी चढवलेली असतात, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेली. आपल्या डोळ्यांना ‘हुंडा’ दिसतो, संगणकाला भलतीच रोमन अक्षरं. मग शोधायला ‘हुंडा’ टंकलं, की प्रबंध असूनही सापडत नाही. आपल्या संघटनांच्या जुन्या अहवालांची, पत्रकांची तीच गत. त्यात आता शोधून सारांश करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली. ज्याला जे वाचता येत नाही, ते त्याच्या लेखी नसतंच. परित्यक्तांवर मराठीत फारसं काही लिहिलं गेलं नाही, असं ते यंत्र उद्या साळसूदपणे सांगेल, आणि एखादा प्राध्यापक ते उतरवूनही घेईल.

तेव्हा मैत्रिणींनो, पाहणीवाल्यांना दारातच विचारायला लागू या. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेता ना? मग त्याच कागदावर लिहून द्या: निष्कर्ष मराठीत, याच वस्तीत येऊन वाचून दाखवू, शोधनिबंधाची प्रत कुणालाही फुकट मिळेल अशी ठेवू, मराठी मजकूर युनिकोडमध्येच देऊ. हे लिहून देणार नसाल, तर बाईलाही भांडी घासायची आहेत.