शिकवलेलं अनुभवात धरायचं की नाही?

जरा लांबलंय, पण वाचा.

माझी नात इथेच इंदूरला कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात नोकरीसाठी बायोडाटा लिहीत होती. वर एका कंपनीतली दोन महिन्यांची इंटर्नशिप, खाली 'पहिल्या वर्षाच्या मुलांची पायथनची लॅब घेतली, एक सेमिस्टर'. आमच्या चिरंजीवांनी खालची ओळ काढायला लावली. "शिकवणं हा काय अनुभव आहे? आणि कागद आहे का त्याचा?"

कागद नव्हता. इंटर्नशिपचा होता, सोनेरी किनारीचा. तिथे तिने दोन महिने दुसऱ्याने केलेले फॉर्म भरून चालतात की नाही एवढंच बघितलं होतं.

मी सहसा बाप-लेकीच्या मधे पडत नाही. त्या दिवशी पडलो, आणि त्याला कारण आहे.

बँकांत कॉम्प्युटर आणावेत असं रंगराजन समितीने १९८४ मध्येच सांगितलं होतं. पण युनियनशी करार होता होता १९९३ उजाडलं. आमच्या शाखेत मशीन आलं त्यानंतर. मी तेव्हा त्रेचाळीसचा, बी.कॉम., लेजरमध्ये मुरलेला. आम्हाला शिकवायला संध्याकाळी एक मुलगा यायचा, कॉम्प्युटर सायन्सचाच विद्यार्थी, विशी-बाविशीतला. आम्ही त्याला मागून 'मास्तर' म्हणून हसायचो.

पहिले चार दिवस तो डॉसच्या कमांड सांगत होता, कुणाच्या डोक्यात काही शिरेना. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "काका, सेव्हिंगचं व्याज तुम्ही काढता कसं?" मी सांगितलं, दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरायची, सहा महिन्यांचे प्रॉडक्ट काढायचे, बेरीज करून दर लावायचा. (तेव्हा असंच होतं, रोजच्या शिलकीवर व्याज २०१० पासून आलं.) त्याने तेच फळ्यावर मांडलं. "हे एका खात्याचं. संपलं की पुढचं खातं, पुन्हा तेच. खाती संपली की थांबायचं. याला लूप म्हणतात." आमचे हेड कॅशियर म्हणाले, "अरे, हे तर आपण वीस वर्षं करतोय!" त्या दिवसापासून कुणी हसलं नाही.

आणि तोही शिकला. १० तारखेची भानगड त्याच्या पुस्तकात थोडीच होती?

काम संपल्यावर तो माझ्याकडे आला. शिकवल्याचं दोन ओळींचं पत्र शाखेच्या लेटरहेडवर हवं होतं, नोकरीसाठी. मी त्याला सांगितलं, बाहेरच्या माणसाला असं पत्र देता येत नाही. नियम असा काही नव्हता. मॅनेजरसाहेबांना विचारायचा मला कंटाळा आला, एवढंच खरं. तो "ठीक आहे काका" म्हणून गेला. पुढे त्याचं काय झालं, माहीत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: शिकवलेलं काम बायोडाटात वरच लिहावं. नात म्हणते, "आजोबा, रिकर्शन मला परीक्षेत येत होतं, पण समजलं ते त्या मुलांना तीन वेळा सांगताना." मुलाखत घेणाऱ्याला याहून काय हवं? आणि कॉलेजंही कमाल करतात. पोरांकडून फुकट लॅब घेऊन घेतात, आणि साधं पत्र मागितलं तर टाळाटाळ. मानधन नाही तर नाही, सहीला काय पैसे पडतात? आपल्यातले बरेच जण कॉलेजांत आहेत, काही निवृत्त झालेत. त्यांनी रागावू नये, पण उत्तर द्यावं.

ओळ बायोडाटात परत आली आहे. चिरंजीव अजून घुश्शात आहेत. काल नातीबरोबर बसून विभागप्रमुखांना पत्रासाठी अर्ज लिहिला. मसुदा माझा, बँकेच्या सवयीने तीन प्रतींत. ती हसत होती, "आजोबा, ईमेल करतात हो आता." मी म्हटलं, ईमेलही कर, पण एका प्रतीवर पोच घेऊन ये.