शब्दांचे वजन

बिबवेवाडीतील आपल्या बहुतेक घरांतील मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या लेखी नवी साडी 'ऑसम', श्रीखंड 'ऑसम' आणि श्रवणबेळगोळची बाहुबलींची सुमारे ५७ फुटांची अखंड पाषाणमूर्तीही 'ऑसम'! गूळ आणि केशर एकाच काट्यावर तोलणाऱ्यास मार्केट यार्डात कोणी व्यापारी म्हणेल काय?

वास्तविक इंग्रजीतही सौंदर्याची मापे निरनिराळी आहेत. नाजूक फुलास 'प्रिटी', झगमगत्या शालूस 'गॉर्जस', क्षणभर भान हरपविणाऱ्या दृश्यास 'स्टनिंग'. भव्यतेला वैभवाची जोड असेल तर 'मॅग्निफिसंट'. राजासारखा रुबाब असेल तर 'मॅजेस्टिक'. 'ऑसम'च्या मुळाशी 'ऑ', म्हणजे आदरयुक्त धाक आहे. तो शब्द बाहुबलींपुढे शोभतो, श्रीखंडापुढे नव्हे. मराठीतही देखणे, रमणीय, भव्य, उदात्त यांत असाच भेद आहे. ज्याच्यापाशी शब्द एकच, त्याची दृष्टीही हळूहळू एकरंगी होते.

त्याच मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतील अतिप्राचीन कोरीव लेखांपैकी एक आहे. चावुंडराजांनी ही करविली, इतकेच तो मूर्तीविषयी सांगतो. सौंदर्याचे एकही विशेषण त्यात नाही. प्रत्यक्ष रूप समोर उभे असता त्याची उणीवही भासत नाही.

तेव्हा मुलांना शब्द जरूर द्यावेत, आणि ते जपून खर्चण्याची सवयही लावावी. पुढच्या यात्रेत नातवंडांना एवढेच विचारावे : "'ऑसम' न म्हणता सांग पाहू, तुला काय दिसले?" उत्तरास वेळ लागेल. त्या वेळात मूल पुन्हा एकदा मूर्तीकडे पाहील.